पाण्याचा रविवार

शांतिपूर, ता. नेवासा
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय एडविन,

सलाम. परवा फोनवर तू बराच वेळ बोललास. मला त्यातलं काही कळलं नाही. कानाचं यंत्र लावलं तरी फोनमधला आवाज पिंपातून आल्यासारखा येतो. म्हणून लिहिते आहे. तूही लिही, आणि अक्षर मोठं काढ.

दादाबद्दल लिहायचं आहे. तुझे वडील मला ओळखतात, पाळकांना ओळखतात, तुझी चौकशी करतात. पण गेल्या आठवड्यात तुझी आई कुठे गेली म्हणून विचारलं. मी सांगितलं. संध्याकाळी पुन्हा विचारलं. पुन्हा सांगावं लागलं. त्याला दोन्ही वेळा ते नवीन होतं.

मोटारीचं मात्र त्याला सगळं आठवतं. निदान आतापर्यंत आठवत होतं. आपल्या बोअरला पाणी थोडं, हे तुला माहीत आहे. मोटार सुरू केली की पाणी जोरात येतं आणि तळाला जातं. मग बंद करायची, झरे भरू द्यायचे, परत सुरू करायची. वस्तीची टाकी अशी दिवसभरात भरते. मोटारीच्या खोलीची किल्ली दादाच्या कमरेला असते. सकाळी उठून तो आधी कमर चाचपतो, मग पाय खाली टाकतो.

मंगळवारी त्याने मोटार सुरू केली आणि बाहेर येऊन लिंबाखाली बसला. बंद करायची राहिली. पाणी संपून पंप कोरडा फिरत होता. वायरमन गोरक्ष रस्त्याने चालला होता म्हणून त्याला आवाज कळला. आज उपासनेनंतर पंच बसले. त्यांतल्या चांगुणाबाई म्हणाल्या, मोझेसभाऊंना आता घरी बसवा, किल्ली गोरक्षला द्या. कोणी वाईट बोललं नाही. सगळे हळू आवाजात बोलत होते, म्हणजे मला ऐकू येऊ नये म्हणून.

मी ईस्टरपर्यंत मुदत मागितली आहे. किल्ली गेल्यावर दादाने सकाळी कशासाठी उठायचं, हे मला त्याला सांगता येणार नाही. तू मोटारींचंच काम करतोस. काही सुचतं का बघ.

तुझी
मरियाआत्या


साणंद
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

सलाम. पत्र मिळालं. मोठं अक्षर काढतो आहे, शाळेत काढायचो तसं.

सुचलं आहे. आमच्या कारखान्यात प्रत्येक मोटारीला एक पेटी असते, तिला ड्राइव्ह म्हणतात. वीज सेकंदाला पन्नास फेरे घेते आणि मोटार त्या फेऱ्यांमागे धावते. ड्राइव्ह ते फेरे कमी करतो. पन्नासाचे चाळीस केले की मोटार तेवढी हळू होते. आपल्या बोअरला हेच हवं. आता आपण त्याला ओरबाडतो आणि थांबतो, ओरबाडतो आणि थांबतो. ड्राइव्ह लावला तर बोअर जेवढं देतं तेवढंच पाणी सावकाश येत राहील. पाण्याची पातळी खाली गेली की तो स्वतः वेग कमी करेल, वर आली की वाढवेल. सुरू करायला नको, बंद करायला नको. विसरण्यासारखं काही उरणार नाही.

कारखान्याने एक जुना ड्राइव्ह भंगारात काढला आहे. साहेबांना विचारून मी तो घेतला. मार्चमध्ये चार दिवस रजा मिळेल तेव्हा घेऊन येतो. पंचांना सांग की किल्लीचा प्रश्नच राहणार नाही.

पप्पांना अजून सांगू नकोस. मी आल्यावर सांगेन.

एडविन


शांतिपूर
१६ मार्च २०२५

प्रिय एडविन,

सलाम. तू सुखरूप पोचलास हे गोरक्षकडून कळलं.

पेटी चालते आहे. नळाला दिवसभर बारीक धार असते. बायका खूश आहेत. हंडा भरायला वेळ लागतो पण रांग नाही. गोरक्ष मला म्हणाला, मास्तरीणबाई, ह्या डब्याला बी वस्तीचा मेंबर करून घ्या, आपल्यात सगळ्यात शाना त्योच हाय.

तू गेल्यावर पहिले दोन दिवस दादा घरातून उठला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, लेकानं बापाच्या जागी डबा बसवला. हसत म्हणाला, पण हसून झाल्यावर तोंड तसंच राहिलं. मी तुझ्याकडून आधीच ते बटण लावून घेतलं होतं, हे बरं झालं असं मला वाटतं. निघायच्या घाईत तुला माझा हट्ट आवडला नव्हता, तरी तू ऐकलंस. पंख्याच्या रेग्युलेटरसारखं ते बटण, ज्याची तार पेटीच्या मागे जाऊन तिथेच संपते, ते दादा आता सकाळपासून सांभाळतो. पेटीवरचा वेगाचा आकडा आपोआप बदलतो, आणि त्याला वाटतं आपण बदलला. आकडा उतरला की तो बटण उतरवतो, चढला की चढवतो. मग बाहेर येऊन मला सांगतो, आज पानी दमलंय, बत्तीसवर ठिवलंय. तसा आकडा मी तिथे कधी पाहिला नाही. मी मान हलवते.

एक विचारायचं आहे. रविवारचं काय करायचं? आजोबांच्या वेळेपासून, मोट होती तेव्हापासून, आपल्या वस्तीत रविवारी पाणी उपसत नाहीत. शनिवारी भरून ठेवतात. पान्याला बी रविवार पायजे, हे तुझ्या वडिलांचं बोलणं तुला पाठ असेल. पेटी बंद करू नका असं तू बजावून गेला आहेस. दादा रविवारी बटण सगळ्यात खाली करून उपासनेला येतो. मोटार खाली चालूच असते, हे मी त्याला सांगत नाही.

तुझी
मरियाआत्या


साणंद
२७ मार्च २०२५

प्रिय आत्या,

सलाम. ते बटण लावताना मला लाज वाटली होती. आता तुझं पत्र वाचून कमी वाटते.

पेटी बंद करू नका असं सांगितलं कारण ती जुनी आहे. बंद करून पुन्हा सुरू करताना तिच्या आतल्या भागांवर सगळ्यात जास्त ताण येतो. एखाद्या वेळी ती उठणारच नाही. वीज गेली तर गेली, पण आपण हाताने बंद करू नये.

रविवारचं मला आठवतं. लहानपणी मला तहान नेमकी रविवारीच लागायची. पण आता त्याची गरज नाही. पाण्याला विश्रांती हवी होती कारण आपण ते ओरबाडत होतो. हळू चालणं हीच विश्रांती आहे. पप्पांना असंच सांग. त्यांना पटेल.

एडविन


शांतिपूर
१४ एप्रिल २०२५

प्रिय एडविन,

त्याला कळलं.

काल झावळ्यांचा रविवार होता. दादाने बटण खाली केलं, खोलीला कुलूप लावलं, हातात झावळी घेऊन मिरवणुकीत चालला. या वेळी टाकी शनिवारीच भरत आली होती, आणि उपासना लांबली. बाहेर पडलो तर टाकी भरून वाहत होती. वस्तीने रविवारचं पाणी वापरलंच नव्हतं, सवय नाही. पाणी टाकीवरून ओघळून चर्चच्या पायरीपर्यंत आलं होतं आणि मुलं त्यात झावळ्या बुडवत होती.

दादाने ते पाहिलं. मग खोलीत गेला. मी मागे गेले. त्याने बटण खाली केलं, बाहेर येऊन पाइपावर हात ठेवला. वर केलं, पुन्हा हात ठेवला. आत-बाहेर, आत-बाहेर. शेवटी बटणामागे बोट घालून तार चाचपली, तिच्या टोकापर्यंत गेला. तिथे काही नाही हे त्याच्या बोटाला कळलं. जे विसरायला हवं ते तो विसरत नाही.

त्याने आरडाओरडा केला नाही. घरी येऊन किल्ली माझ्या खुंटीला टांगली. म्हणाला, मरिया, तुला म्हाईत हुतं? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, मंग ठीक हाय. आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

आज तो उठला नाही. अजून उठलेला नाही. ईस्टर रविवारी आहे. खोटं बटण लावायला मीच सांगितलं होतं, तेव्हा तुला दोष देत नाही. पण आता ते खरं कर. काहीही कर पण त्याच्या हाताने पाणी हलू दे.

मरियाआत्या


साणंद
२४ एप्रिल २०२५

प्रिय आत्या,

रजा मिळत नाही. उन्हाळ्यात इथे एकावर एक मोटारी बिघडतात. म्हणून गोरक्षकडून काम करून घेतलं. काल व्हिडिओ कॉलवर तो पेटीसमोर उभा होता आणि मी इथून सांगत होतो. त्याने बटणाची तार आत जोडली. पेटीतलं आधीचं सगळं पुसून नव्याने भरलं, कारण जुन्या आकड्यांवर बटण चालत नव्हतं. मधेच त्याचा फोन बंद पडला, पण तोपर्यंत बटण चालू झालं होतं. पप्पा मागे उभे होते. मला त्यांचा फक्त खांदा दिसला.

आता वेग त्यांच्याच हातात आहे. त्यांना पुढच्या गोष्टी नीट वाचून दाखव.

पेटी बंद करायची नाही. पाणी कमी वाटलं तर वेग कमी करायचा.

अडतीसच्या खाली जायचं नाही. त्याखाली पंप फिरतो पण पाणी बोअरच्या तोंडापर्यंत चढत नाही, पाइपात अर्ध्यावर उभं राहतं. आणि मोटारीच्या तळाला जे बेअरिंग असतं ते तेलावर नाही, पाण्याच्या पातळ थरावर चालतं. मोटार जोरात फिरली तर तो थर टिकतो. फार हळू फिरली तर थर राहत नाही आणि धातू धातूला घासतो.

गोरक्षने पेटीत अडतीसची खालची मर्यादा घातली ना, एवढं त्याला विचारून कळव. ती घातली असेल तर बटण कितीही खाली केलं तरी चिंता नाही. मी त्याला फोन करतो आहे, पण तो बहुतेक यात्रेच्या लायटिंगच्या कामावर गेला आहे.

एडविन


शांतिपूर
११ मे २०२५

प्रिय एडविन,

सलाम. उशिरा लिहिते आहे, पण चांगलं लिहिते आहे.

दादा उठला. किल्ली पुन्हा कमरेला आहे. गोरक्षने तार जोडली त्या दिवशी त्याने बटण फिरवून पाइपाला कान लावला आणि म्हणाला, आता बोलतंय. दाढी केली. चांगुणाबाईंना थांबवून सांगितलं की धार बारीक वाटली तर मला सांगा, डब्याला सांगू नका. त्यांनी हो म्हटलं. आणखी दोन घरं नगरला राहायला गेली, तरी पंच आता किल्लीचं नाव काढत नाहीत.

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. आकडे आणि बेअरिंगचं गाळलं. तसं काही वाचलं की त्याच्या कपाळावर आठी येते आणि तो ऐकायचं थांबतो. वर्गातही मी असंच करायची. जे पोचणार नाही ते सोडून द्यायचं. बंद करायचं नाही, हळू करायचं, एवढं त्याला दोनदा सांगितलं. ते त्याने पक्कं धरलं आहे. मला रोज म्हणून दाखवतो.

आज रविवार. त्याने तुझा शब्द पाळला आणि आजोबांचाही. पेटी बंद करत नाही. शनिवारी झोपायच्या आधी जाऊन बटण सगळ्यात खाली आणतो. आकडा पाच-सहावर येतो. मोटार खाली फिरत असते पण नळाला थेंब येत नाही. सोमवारी उजाडल्यावर पुन्हा वर करतो. मला म्हणाला, एडविन म्हनला तसं, हळू चालनं म्हंजी इश्रांतीच. बोअरला बी रविवार, मोटरला बी.

ईस्टरनंतर सगळे रविवार असेच गेले. टाकीवरून पाणी वाहत नाही. तो उपासनेत शेवटपर्यंत बसतो आणि गाणीही म्हणतो. मला ती ऐकू येत नाहीत, पण त्याचे ओठ बरोबर असतात.

गोरक्ष अजून यात्रेच्या कामावर आहे. आला की तुझं विचारते.

तुझी
मरियाआत्या


साणंद
१९ मे २०२५

आत्या,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. उभ्याउभ्या वाचलं आणि गोरक्षला फोन केला. या वेळी त्याने उचलला. मी काही सांगायच्या आधीच तो म्हणाला, सकाळी मोझेसबाबांनी बटण वर केलं तर मोटार जागची हलली नाही. पेटीने लाल दिवा दाखवला. दिवा घालवून गोरक्षनेच पुन्हा सुरू करून पाहिलं, पुन्हा, आणि पुन्हा. मग जळका वास आला.

मी खालच्या मर्यादेचं विचारलं. तो म्हणाला, कसली मर्यादा?

तू काही चुकीचं केलं नाहीस. गोरक्षनेही नाही. फोन बंद पडला तेव्हा फक्त ते एक राहिलं होतं आणि मी ते पत्रावर सोडलं.

पप्पांना सांग की जुनी पेटी होती, बिघडली. किंवा विजेचा दाब वाढला. त्यांना बेअरिंगचं सांगू नकोस. मोटार वर काढून घ्या. मी रिवाइंडिंगचं बघतो, नेवाशात माझ्या ओळखीचे आहेत. मोटार वर आली की सगळं होईल.

एडविन


शांतिपूर
२ जून २०२५

प्रिय एडविन,

मोटार वर आली नाही.

बोअरमधून मोटार काढणारी गाडी आली. निम्मे पाइप निघाले. मग गाडीचा लोखंडी दोर तुटला आणि त्यामागे पाइपाचा जोड निसटला. उरलेले पाइप आणि मोटार खाली गेली. ते लोक आणखी एक दिवस गळ टाकून बघत होते. गळाला एकदा काहीतरी लागलं, सगळे पुढे झाले, आणि ते सुटलं. त्यांचा मुकादम म्हणाला, बाई, आता हे बोअर सोडा. ते सोडलं. पंचायतीचा टँकर एक दिवसाआड येतो. आला नाही तर नाही.

दादा शेवटपर्यंत तिथे उभा होता. मी त्याला तू सांगितलंस तसं सांगितलं, विजेचा दाब वाढला म्हणून. त्याने ऐकून घेतलं. गाडी गेल्यावर म्हणाला, एडविननं सांगितलं हुतं, बंद करू नको. म्या बंद केली न्हाई. मी म्हटलं, नाही केलीस. तो म्हणाला, त्याला कळव.

कळवलं.

तुझं एप्रिलचं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. जे गाळलं होतं तेवढंच वाचलं.

मरियाआत्या


साणंद
१५ जून २०२५

प्रिय आत्या,

दुसऱ्या बोअरसाठी इथून प्रयत्न करतो आहे, पण पाणाड्या म्हणतो आणि भूजलवाले म्हणतात ते एकच आहे. खाली काही नाही. तुम्ही दोघं इथे या. खोली लहान आहे पण नळाला पाणी आहे. वस्तीत आता किती घरं उरली आहेत? तू कशासाठी थांबते आहेस?

आणि एक. गोरक्ष म्हणाला पेटी अजून भिंतीवरच आहे आणि तिला वीज चालू आहे. ती काढून ठेवायला सांग. आता तिचा उपयोग नाही.

एडविन


शांतिपूर
६ जुलै २०२५

प्रिय एडविन,

सलाम. तुझ्याकडे येण्याबद्दल मी दादाला विचारलं. तो म्हणाला, जाऊ की, पन मोटर कोन बघंल? मी पुन्हा विचारलेलं नाही.

झालं ते सगळं तो विसरला आहे. आधी गाडी विसरला, मग गळ, मग वास. टँकर येतो तेव्हा तो मला विचारतो, हा कुनाकडं चाललाय? मी सांगते, पुढच्या वस्तीवर. किल्ली मात्र कमरेलाच आहे.

पेटी काढायला गोरक्ष आला होता. त्याने मुख्य वायर सोडवायला हात वर केला तेव्हा दादा दारात आला. मी गोरक्षला थांबवलं. त्याने हात खाली घेतला. मग पाना पिशवीत टाकून बाहेर पडला. जाताना दादाला म्हणाला, चालू द्या बाबा. दादा म्हणाला, चालूच हाय.

पेटीतून खाली गेलेली तार आता बोअरच्या तोंडाशी कापलेली आहे. तिच्या टोकाला गोरक्षने चिकटपट्टी गुंडाळली आहे. पेटीला ते कळत नाही. बटण फिरवलं की आकडा चढतो, फिरवलं की उतरतो. तार खरी आहे, बटण खरं आहे. दादा सकाळी तो आकडा चाळीसवर नेतो, दुपारी पाणी दमलं म्हणून थोडा उतरवतो, आणि मला येऊन सांगतो. पाइपाला कान लावत नाही. कधीतरी लावेल याची मी वाट बघत नाही.

कशासाठी थांबते, असं तू विचारलंस. शिकवत होते तेव्हा याचं उत्तर लिहिता आलं असतं. आता चर्चमध्ये तीन बाक भरतात.

आज रविवार आहे. काल झोपायच्या आधी त्याने जाऊन आकडा सगळ्यात खाली आणला, कुलूप लावलं, आणि आता उपासनेला निघायला माझ्या शेजारी उभा आहे.

तुझी
मरियाआत्या